टॅक्स क्रेडिटमधून भाड्याची घरे उभी राहतात, म्हणजे नेमके काय होते?

ओसरी (मूळ प्रश्न)

न्यू जर्सीच्या मध्य भागातील ज्या टाउनशिपमध्ये (इथली छोटी नगरपालिकाच म्हणा) आम्ही अकरा वर्षांपासून राहतो, तेथे बंद पडलेल्या एका गोदामाच्या जागेवर भाड्याच्या ६० घरांची इमारत बांधण्याचा प्रस्ताव नियोजन मंडळापुढे आला आहे. घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी असतील आणि खर्चाचा मोठा भाग ‘लो इन्कम हाउसिंग टॅक्स क्रेडिट’ या फेडरल योजनेतून भागेल, असे प्रस्तावात म्हटले आहे. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात निम्मी मंडळी आपलीच मराठी आणि गुजराती आहेत आणि तेथे रोज नवे विधान येते. बिल्डरला फुकट पैसे मिळणार, असे कोणी म्हणते. सगळा बोजा आपल्या मालमत्ता करावर येणार, असे दुसरे कोणी. आणि पंधरा वर्षांनी ही घरे बाजारभावाने भाड्याने दिली जाणार, हे एका गृहस्थांनी तर अगदी ठामपणे लिहिले आहे.

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून भीड न बाळगता प्रस्तावाचे कागद वाचायला घेतले. त्यात सुमारे दीड कोटी डॉलर ‘इक्विटी’ या नावाखाली एका बँकेकडून येणार असल्याचे लिहिले आहे. पण भाड्याच्या उत्पन्नातून त्या बँकेच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही, हेही त्याच कागदांत दिसते. जिथे नफा नाही तिथे बँक दीड कोटी कशासाठी घालेल? सरकारला अशी घरे बांधून हवी असतील, तर ते सरळ पैसे का देत नाही? आणि ज्यांच्या नावाने हे सगळे चालते त्यांना ती घरे खरोखर परवडतात का? या व्यवहारात काम केलेल्या कोणी समजावून सांगितले, तर सुनावणीत निदान चुकीचे बोलणे तरी टळेल.

जमाखर्च

ओसरीताई, अशा इमारतींसाठी स्थापन होणाऱ्या भागीदारी संस्थांचे हिशेब तपासण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. तुमचे कागद माझ्यासमोर नाहीत, म्हणून समजण्यासाठी गोल आकडे धरतो.

आधी एक फरक. आपण घराच्या कर्जावरील व्याजाची जी वजावट घेतो, ती उत्पन्नातून होते. कंपनीच्या २१ टक्के कराच्या दराने १०० डॉलरच्या वजावटीतून २१ डॉलर वाचतात. क्रेडिट मात्र थेट करातून वजा होते, त्यामुळे १०० डॉलरचे क्रेडिट म्हणजे पूर्ण १०० डॉलर वाचले.

समजा, इमारतीचा एकूण खर्च २ कोटी ४० लाख डॉलर आहे. त्यातून जमिनीची किंमत आणि नियमात न बसणारे इतर खर्च वगळले, की २ कोटी उरतात, असे धरू. सगळी ६० घरे उत्पन्नमर्यादेखालील कुटुंबांना दिली जाणार असतील, तर या २ कोटींवर दरवर्षी ९ टक्के, म्हणजे १८ लाख डॉलरचे क्रेडिट मिळते आणि ते सलग १० वर्षे मिळते. बेरीज १ कोटी ८० लाख. पण बिल्डरला एवढा कर भरायचाच नसतो, आणि बांधकाम करणारी संस्था ना-नफा असेल तर तिला कर मुळीच नसतो. शिवाय त्यांना पैसा आज हवा असतो, दहा वर्षांच्या हप्त्यांनी नव्हे. म्हणून एक भागीदारी संस्था काढली जाते. तिच्यात बँक ९९.९९ टक्क्यांची भागीदार होते आणि बांधणारा ०.०१ टक्क्याचा, व्यवस्थापन मात्र त्या ०.०१ टक्केवाल्याकडेच राहते. मालकीच्या वाट्याप्रमाणे क्रेडिट बँकेकडे जाते आणि त्या बदल्यात बँक क्रेडिटच्या प्रत्येक डॉलरमागे, समजा, ८५ सेंट देते. १ कोटी ८० लाखांचे ८५ टक्के म्हणजे १ कोटी ५३ लाख. तुमच्या कागदांतील दीड कोटी ते हेच असावेत.

बँकेला भाडे नको आहे, तिने कराच्या पावत्या सवलतीत विकत घेतल्या आहेत. घसाऱ्यामुळे, म्हणजे इमारत दरवर्षी झिजते असे धरून, कागदोपत्री दिसणारा तोटाही तिच्याच वाट्याला येतो आणि तिच्या इतर नफ्यावरील कर आणखी कमी करतो. म्हणजे तुम्हाला जो तोट्याचा धंदा वाटला, त्यातील तोटासुद्धा बँकेने मोजून विकत घेतलेला असतो. याशिवाय १९७७ च्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायद्याप्रमाणे बँकांनी आपल्या ठेवीदारांच्या परिसरातील गरजा भागवल्या की नाही हे नियामक तपासतात, आणि अशी गुंतवणूक त्या तपासणीत जमेस धरली जाते. ज्या शहरांत मोठ्या बँकांना ही गरज अधिक, तेथे क्रेडिटला भाव चांगला मिळतो आणि दूरच्या ग्रामीण जिल्ह्यांत तो पडतो.

आता उरलेले ८७ लाख. सरासरी भाडे महिना १,४०० डॉलर धरा. ६० घरांचे वर्षाला १० लाख ८ हजार झाले. रिकामी घरे, विमा, दुरुस्ती आणि व्यवस्थापन वजा केल्यावर हातात पावणेपाच लाखांच्या आसपास उरतात. कर्ज देणारी बँक हप्त्याच्या सव्वापट उत्पन्न मागते, म्हणून साडेसहा टक्के व्याजाने तीस वर्षांसाठी फार तर ५० लाख कर्ज मिळेल. तरीही ३७ लाखांची तूट राहतेच, आणि ती राज्याचा निधी, टाउनशिपचा गृहनिर्माण निधी आणि बांधणाऱ्याने पुढे ढकललेले स्वतःचे शुल्क यांतून भरली जाते. एका साध्या इमारतीमागे पैसे देणारे पाच-सहा जण असतात आणि प्रत्येकाचा वकील वेगळा असतो. त्या वकिलांची बिलेही माझ्यासमोर तपासणीला येत, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवले नाही.

बिल्डरला फुकट पैसे मिळतात का, याचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे. बांधणाऱ्याला ‘डेव्हलपर फी’ मिळते, ती खर्चाच्या ठरावीक टक्क्यांत असते आणि तोच त्याचा खरा नफा. पण पहिल्या १५ वर्षांत भाड्याचा किंवा उत्पन्नाचा नियम मोडला, तर दिलेल्या क्रेडिटचा काही भाग व्याजासह परत वसूल होतो आणि तो बँकेकडून होतो. त्यामुळे इमारतीच्या कागदपत्रांवर सरकारपेक्षा बँकच अधिक बारीक नजर ठेवते. या योजनेतील मला सर्वांत हुशारीची वाटलेली गोष्ट हीच आहे. पहाऱ्याचा पगार सरकारला वेगळा द्यावा लागत नाही.

ओसरी

जमाखर्च, मनापासून आभार. दीड कोटींचे कोडे सुटले. पण तुमच्याच आकड्यांवरून वाटते की सरकारने १ कोटी ८० लाखांचा कर सोडला आणि इमारतीला १ कोटी ५३ लाखच पोहोचले. मधले २७ लाख वाचवण्यासाठी सरकारने इमारतीला थेट धनादेशच का देऊ नये?

नकाशा

हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकातून सुटणार नाही, त्यासाठी इतिहासात जावे लागते. मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो आणि गेली काही वर्षे टाउनशिपांच्या गृहनिर्माण आराखड्यांवरच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सरकारने थेट पैसे देऊन पाहिले आहेत. १९३७ च्या कायद्याने सार्वजनिक गृहनिर्माण सुरू झाले. बांधकामाचा खर्च वॉशिंग्टनने उचलायचा आणि इमारत स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणाने भाड्यावर चालवायची, अशी ती रचना होती. जोपर्यंत भाडेकरू नोकरदार होते, तोपर्यंत भाड्यात दुरुस्ती भागली. पुढे भाडेकरू अधिकाधिक गरीब होत गेले, भाडे कमी पडू लागले आणि दुरुस्तीचा पैसा दरवर्षी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, मागावा लागू लागला, तेव्हा इमारती खंगल्या. सेंट लुईसच्या प्रुइट-आयगो वसाहतीच्या इमारती १९७२ पासून सुरुंग लावून पाडल्या गेल्या आणि ती छायाचित्रे सार्वजनिक घरांच्या अपयशाची खूण बनली. अपयशाचे खापर वास्तुरचनेवर फोडले गेले. दुरुस्तीच्या पैशाबद्दल मात्र फार कमी बोलले गेले. १९७३ मध्ये निक्सन यांनी नव्या अनुदानित बांधकामांना स्थगिती दिली आणि १९७४ च्या कायद्याने ‘सेक्शन ८’ आले, ज्यात सरकार खासगी घरमालकाला भाड्यातील फरक देते.

१९८६ साली रेगन यांच्या काळातील करसुधारणा कायद्याने श्रीमंतांच्या करबचतीच्या अनेक वाटा बंद केल्या. भाड्याच्या इमारतींवरील जलद घसारा आणि कागदी तोटे पगारातून वजा करण्याची सोय या वाटांमध्ये होत्या, आणि भाड्याच्या घरांत येणारा खासगी पैसा बराचसा त्यांच्याच आधारे येत असे. तो आटला तर घरे बांधणार कोण, या काळजीतून त्याच कायद्यात अंतर्गत महसूल संहितेचे कलम ४२ घातले गेले. तेच हे टॅक्स क्रेडिट. सुरुवातीला ते मुदतीचे होते, १९९३ मध्ये कायम झाले. तेव्हापासून या योजनेखाली ३५ लाखांहून अधिक घरे बांधली किंवा दुरुस्त केली गेली आहेत.

आता तुमच्या २७ लाखांकडे येतो. थेट अनुदानाचा आकडा अर्थसंकल्पात दरवर्षी मतदानाला येतो आणि दरवर्षी कापला जाऊ शकतो. क्रेडिट करसंहितेत लिहिलेले असते. ते कोणी मुद्दाम काढल्याखेरीज जात नाही. शिवाय ते टिकावे म्हणून बँका, सिंडिकेटर (गुंतवणूकदार आणि इमारती यांची गाठ घालून देणारे मध्यस्थ), बिल्डर, राज्यांच्या वित्तसंस्था आणि ना-नफा संस्था असे सगळेच खासदारांच्या दारात उभे राहतात. सार्वजनिक घरांच्या भाडेकरूंच्या बाजूने एवढी फौज कधीच उभी राहिली नाही. गळती ही त्या राजकीय विम्याची किंमत आहे, असे माझे मत. ती किंमत जास्त आहे, हेही मला मान्य आहे.

त्या विम्याला छिद्रे नाहीत असे मात्र नाही. २००८ च्या अरिष्टात बँकांचा नफाच गेला आणि नफा नाही तर वाचवायचा कर कुठला? फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जे विकत घेणाऱ्या सरकारपुरस्कृत कंपन्या तोवर क्रेडिटच्या फार मोठ्या खरेदीदार होत्या, त्याही बाजारातून गेल्या. क्रेडिटचा भाव इतका पडला की मंजूर इमारती अडकल्या, आणि २००९ मध्ये सरकारला न विकले गेलेले क्रेडिट परत घेऊन राज्यांना रोख रक्कम द्यावी लागली. तुम्ही म्हणता तो थेट धनादेश तेव्हा खरोखर निघाला होता! पुढे २०१७ मध्ये कंपनीकराचा दर ३५ वरून २१ टक्क्यांवर आला. गृहनिर्माण कायद्यातील एक अक्षरही न बदलता क्रेडिटचा भाव पुन्हा उतरला, कारण घसाऱ्याच्या तोट्याची किंमत कमी झाली. गरिबांच्या घरांचे बजेट बँकांच्या नफ्याला आणि कराच्या दराला असे बांधलेले आहे.

९ टक्क्यांच्या क्रेडिटचा कोटा राज्याला लोकसंख्येप्रमाणे मिळतो. अलीकडे तो माणशी ३ डॉलरच्या आसपास आहे. अर्ज त्याहून कितीतरी अधिक येतात, म्हणून राज्य संस्था गुणपत्रक ठरवते: स्थानकापासून अंतर, शाळा, किती कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घरे मिळणार, असे. ४ टक्क्यांचे दुसरे क्रेडिट करमुक्त रोख्यांबरोबर येते आणि त्याला अशी स्पर्धा नसते. पण जमाखर्च यांच्या उदाहरणात ते लावले तर दीड कोटीच्या जागी ६८ लाखच येतील. पूर्वी जमीन आणि इमारतीच्या खर्चापैकी निम्मा भाग रोख्यांतून उभा करावा लागे. २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून ही अट २५ टक्क्यांवर आणली आहे आणि ९ टक्क्यांचा कोटाही १२ टक्क्यांनी वाढवला आहे. थेट मदतीत कपातीची भाषा चालू असताना क्रेडिट वाढले, यात सगळे आले.

न्यू जर्सीत याला आणखी एक पदर आहे. १९७५ च्या माउंट लॉरेल निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वाढत्या टाउनशिपांनी आपल्या झोनिंगने, म्हणजे कुठे काय बांधता येईल याच्या नियमांनी, गरिबांना बाहेर ठेवता कामा नये. तो खटला ज्या एथेल लॉरेन्स यांच्यामुळे उभा राहिला, त्यांच्याच नावाची भाड्याची घरे माउंट लॉरेलमध्ये उभी राहायला २००० साल उजाडावे लागले; तोवर त्या हयात नव्हत्या. त्या घरांच्या उभारणीतही टॅक्स क्रेडिट होते. शेजाऱ्यांनी तेव्हा गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कर वाढतील असेच म्हटले होते. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर आजूबाजूच्या आणि तशाच दुसऱ्या टाउनशिपांच्या नोंदी ताडून पाहिल्या. तिन्हींपैकी एकही परिणाम त्यांना आढळला नाही. तुमच्या गटात एवढे एक उदाहरण सांगितले तरी पुरे. मालमत्ता कराबद्दल म्हणाल, तर अशा इमारती बहुधा नेहमीच्या कराऐवजी उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांत रक्कम भरतात. ती किती आणि त्यातून शाळांना काय मिळणार, हे मात्र सुनावणीत जरूर विचारा. तो प्रश्न योग्य आहे.

तिसरा मजला

मी अशाच एका इमारतीत राहते, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचा थोडा अधिकार आहे असे समजते. घटस्फोटानंतर मी आणि माझी दोन मुले येथे आलो. मी एका पाळणाघरात काम करते. अर्ज केल्यापासून किल्ली हातात येईपर्यंत दोन वर्षे आणि चार महिने गेले. त्यातले बरेचसे एका प्रतीक्षायादीत, जिच्यावर आपला क्रमांक पुढे सरकला की मागे, हे विचारायचीही सोय नव्हती.

बहुतेकांना वाटते की आमचे भाडे आमच्या उत्पन्नावर ठरते. तसे नाही. मर्यादा परिसरातील मध्यक उत्पन्नाच्या ५० किंवा ६० टक्क्यांवर ठरते आणि भाडे त्या मर्यादेच्या ३० टक्के असते, मग आपण प्रत्यक्षात कितीही कमावत असू. दोन शयनकक्षांच्या घरात तीन माणसे धरतात. तीन माणसांची मर्यादा ६६,००० डॉलर असली, तर भाडे वीज-गॅससह वर्षाला १९,८००, म्हणजे महिन्याला १,६५० डॉलरपर्यंत जाऊ शकते. ज्यांची कमाई खरोखर ६६,००० च्या जवळ आहे त्यांना ते जमते. माझ्या पहिल्या वर्षीची कमाई ३३,००० होती. म्हणजे ६० टक्के भाड्यात गेले असते! मला सेक्शन ८ चे व्हाउचर मिळाले म्हणून मी ३० टक्के, म्हणजे ८२५ डॉलर भरत होते आणि उरलेले व्हाउचर भरत होते. कायद्याने या इमारतींना केवळ व्हाउचर आहे म्हणून कोणाला नाकारता येत नाही, एवढा एक आधार. पण फेडरल भाडेमदतीस पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच ती मिळते. माझ्याबरोबर अर्ज करणाऱ्या एका बाईंना व्हाउचर नव्हते. ‘कमी उत्पन्नासाठी’ असलेल्या घरासाठी त्यांचे उत्पन्न कमी पडले, कारण भाड्याच्या अडीचपट कमाई असावी, अशी त्या इमारतीची अट होती.

तक्रार म्हणून हे लिहीत नाही. गेल्या सहा वर्षांत आमचे भाडे एकदाही एकाएकी उडी मारून वाढलेले नाही आणि मुलांची शाळा बदलावी लागली नाही. पगार वाढला तर बाहेर काढतील, अशी भीती मला सुरुवातीला वाटे आणि एक बढती मी त्यामुळे जवळजवळ नाकारली होती. नियम तसा नाही. उत्पन्न मर्यादेच्या १४० टक्क्यांपलीकडे गेले, तरी आधीपासून राहणाऱ्याला त्या कारणाने काढत नाहीत. पुढचे रिकामे होणारे घर मात्र पात्र कुटुंबालाच द्यावे लागते. व्यवस्थापकाने हे मला कधीच सांगितले नाही. दर वर्षी उत्पन्नाचे कागद मागायला मात्र तो विसरत नाही.

पर्वतीची पायरी

पुण्यात सनदी लेखापालाचा व्यवसाय करतो. हा धागा वाचताना आपल्याकडील एक तरतूद आठवली, आणि तिचा संबंध खरोखर असल्यामुळे लिहितो.

आपल्या आयकर कायद्यात कलम ८०-आयबीए होते. १ जून २०१६ पासून मंजूर झालेल्या परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांना नफ्यावर १०० टक्के वजावट त्यातून मिळे. २०२१ च्या वित्त कायद्याने तीच सवलत अधिसूचित भाड्याच्या प्रकल्पांनाही लागू केली. पण मंजुरीची मुदत ३१ मार्च २०२२ ला संपली. कागदावर हे उदार होते. प्रत्यक्षात विकायच्या घरांना त्याचा उपयोग झाला, कारण तेथे दोन-तीन वर्षांत नफा हातात येतो. भाड्याच्या इमारतीत सुरुवातीची अनेक वर्षे नफाच नसतो, मग १०० टक्के वजावट कशातून करायची? शून्याचे शंभर टक्के शून्यच. अमेरिकेचे क्रेडिट नफ्यावर अवलंबून नाही, खर्चावर मोजले जाते, आणि भागीदारीच्या रचनेमुळे ज्याच्याकडे कर आहे त्याच्याकडे नेता येते. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी नाहीत.

दुसरे म्हणजे, मुंबई-पुण्यात घराच्या किमतीच्या मानाने वर्षाचे भाडे दोन-तीन टक्क्यांच्या आसपास येते आणि कर्जाचे व्याज त्याच्या कितीतरी वर असते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि चाळी बांधणारा मालक संपला. तो परत यावा असे काही आपण गेल्या सत्तर वर्षांत फारसे केलेले नाही. २०२० ची परवडणाऱ्या भाडे संकुलांची केंद्रीय योजना आली, तिचा एक भाग रिकाम्या पडलेल्या सरकारी घरांना २५ वर्षांसाठी भाड्यावर देण्याचा होता. कल्पना चांगली होती. पण नवी इमारत उभी करायला लागणारा आजचा पैसा करसवलतीतून कसा काढायचा, हे कोडे आपल्याकडे कोणी सोडवलेले नाही. तेवढ्यापुरते कलम ४२ मला अभ्यासण्यासारखे वाटते, जसेच्या तसे उचलण्यासारखे नव्हे.

नकाशा

पर्वतीची पायरी यांच्याशी सहमत. एक पुस्ती जोडतो, कारण ‘अभ्यासण्यासारखे’ म्हणताना ही बाजूही पाहावी. गरीब वस्त्यांच्या ठरावीक जनगणना-विभागांत बांधले तर क्रेडिटसाठी धरलेला खर्च १३० टक्क्यांपर्यंत मोजता येतो. हेतू चांगला, पण परिणाम असा की आधीच गरीब असलेल्या वस्तीतच नव्या इमारती ओढल्या जातात. तेथे जमीनही स्वस्त असते आणि सुनावणीला विरोध करायला वकील घेऊन कोणी येत नाही. डॅलसमधील एका संस्थेने टेक्सासच्या गृहनिर्माण विभागाविरुद्ध नेमकी हीच तक्रार केली होती. २०१५ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि हेतू सिद्ध झाला नाही तरी परिणामाने होणारा भेदभावही घरांबाबतच्या भेदभावाला बंदी करणाऱ्या फेअर हाउसिंग कायद्याच्या कक्षेत येतो, हे न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी मान्य केले. त्या विशिष्ट दाव्यात संस्थेला पुढे यश आले नाही, पण तत्त्व राहिले. ओसरीताईंच्या टाउनशिपसारख्या चांगल्या शाळा असलेल्या ठिकाणी असा प्रस्ताव येणे हे म्हणूनच विरळा आहे.

ओसरी

तिसरा मजला, तुमचे उत्तर मी तुमची परवानगी गृहीत धरून गटावर टाकले, नाव न घेता. बराच वेळ कोणी काहीच लिहिले नाही. नंतर एका काकांनी विचारले की त्या बाईंना घर मिळाले का.

आता राहिला पंधरा वर्षांचा मुद्दा. त्या गृहस्थांचे म्हणणे पूर्ण खोटे आहे का?

जमाखर्च

पूर्ण खोटे नाही, म्हणूनच ते टिकून आहे. १९८६ च्या मूळ कायद्यात बंधन १५ वर्षांचेच होते. १९८९ च्या दुरुस्तीनंतर मंजूर झालेल्या इमारतींना आणखी १५, म्हणजे एकूण किमान ३० वर्षांचा करार नोंदवावा लागतो. पण त्याच दुरुस्तीत एक दार उघडे राहिले. चौदाव्या वर्षानंतर मालक राज्य संस्थेला म्हणू शकतो की मला खरेदीदार शोधून द्या, आणि संस्थेला एका वर्षात ठरलेल्या सूत्राच्या किमतीला खरेदीदार मिळाला नाही, तर भाड्याचे बंधन सुटते. राहत्या भाडेकरूंना त्यापुढे तीन वर्षांचे संरक्षण मिळते. सूत्राची किंमत अनेकदा बाजारभावाहून अधिक निघत असल्यामुळे खरेदीदार मिळतच नाही. अनेक राज्यांनी आता अर्जातच हा हक्क सोडून द्यायला लावले आहे. तुमच्या प्रस्तावात तो सोडलेला आहे की नाही, हे एका ओळीत तपासता येईल.

न्यू जर्सीत दुसरेही एक बंधन आहे. माउंट लॉरेल निकालामुळे टाउनशिपवर आलेल्या, अशा घरांना जागा देण्याच्या जबाबदारीत मोजल्या जाणाऱ्या भाड्याच्या नव्या घरांवर २०२४ च्या राज्य कायद्याप्रमाणे किमान ४० वर्षांचे बंधन दस्तऐवजात येते. म्हणजे फेडरल करार संपला तरी टाउनशिपचा संपत नाही, आणि ही घरे आपल्या आराखड्यात मोजून घ्यायची असल्यामुळे टाउनशिपलाही ते पाळून घेण्यात स्वारस्य असते.

पंधराव्या वर्षी खरे जे घडते ते वेगळेच आहे. बँकेचे क्रेडिट दहाव्या वर्षी संपलेले असते, वसुलीचा धोका पंधराव्या वर्षी संपतो आणि मग तिला बाहेर पडायचे असते. भागीदार ना-नफा संस्था असेल, तर तिला कर्ज आणि करापुरत्या किमतीत इमारत घेण्याचा पहिला हक्क करारात लिहून ठेवता येतो. पूर्वी बँका हसतमुखाने सही करून जात. अलीकडे काही कंपन्या बँकांचे हे जुने वाटे विकत घेतात आणि पहिल्या हक्काच्या शब्दांवरून ना-नफा संस्थांना न्यायालयात खेचतात, कारण शहरांतील इमारतींची किंमत दरम्यान कित्येक पटींनी वाढलेली असते. मी तपासलेल्या एका इमारतीत हा वाद करारातील केवळ दीड ओळीवरून झाला आणि वकिलांवर गेलेल्या पैशात छप्पर बदलून झाले असते. तेव्हा सुनावणीत विचारायचेच असेल, तर सोळाव्या वर्षी इमारत कोणाच्या हाती असेल आणि छपरासाठी राखीव निधी वर्षाला घरटी किती ठेवला आहे, हे दोन प्रश्न विचारा. पहिल्याचे उत्तर भागीदारीच्या करारात सापडेल. दुसऱ्याचे तुमच्या कागदांतील खर्चाच्या तक्त्यात, ‘रिप्लेसमेंट रिझर्व्ह’ या ओळीत आहे.

तिसरा मजला

ओसरीताई, काकांना सांगा, त्या बाईंना तेथे घर मिळाले नाही. त्या आता पेनसिल्व्हेनियात बहिणीकडे राहतात आणि कामाला रोज दीड तास गाडी चालवून येतात. त्यांचे नाव अजून दोन प्रतीक्षायाद्यांवर आहे. तुमच्या इमारतीचे अर्ज केव्हा सुटणार, हे कळले तर इथे लिहा.